डोंगरांनी तोडलं, समुद्रानं जोडलं

शाळेत इतिहासाच्या तासाला ‘यवन’ हा शब्द आला, की वर्गातली मुलं माझ्याकडे वळून बघत. पुढे बी.ए.ला असताना कळलं, की हा शब्द मूळचा ग्रीकांचा. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनियन ग्रीकांची वस्ती होती. त्यांच्यावरून इराणी लोक सगळ्याच ग्रीकांना ‘यौना’ म्हणत. आपल्याकडे ‘यवन’ झालं. मग वाटलं, ही माणसं समुद्रापलीकडे इतकी पसरली कशी?

उत्तर ग्रीसच्या नकाशात आहे. बहुतेक प्रदेश डोंगराळ. नाईल किंवा सिंधूसारखी मोठी नदी नाही. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. उतारावरच्या पातळ मातीत ऑलिव्ह आणि द्राक्षं चांगली येत, सातू बऱ्यापैकी, गहू मात्र बेताचाच. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं, तर मध्ये खिंड. त्यामुळे एक मोठं राज्य न होता खोऱ्याखोऱ्यांत नगरराज्यं उभी राहिली. प्रत्येकाचे कायदे वेगळे, पंचांगही वेगळं. भाषा एक, पण शिवेवरून लढाया नेहमीच्या.

जमिनीनं अडवलं, तिथं समुद्रानं वाट दिली. एजियन समुद्रात बेटांची दाटी; खलाशाला जमीन सहसा नजरेआड होत नसे. इ.स.पूर्व आठव्या शतकापासून ग्रीकांनी सिसिलीत, दक्षिण इटलीत आणि पुढे काळ्या समुद्राकाठी वसाहती केल्या. तेल, मद्य बाहेर जाई. धान्य घरी येई. फिनिशियन व्यापाऱ्यांकडून लिपी आली, ग्रीकांनी तिला स्वर दिले. लहानपणी अब्बांनी पाटीवर गिरवायला दिलेला ‘अलिफ’ आणि ग्रीकांचा ‘अल्फा’ ही एकाच फिनिशियन अक्षराची लेकरं!

त्या काळचा कवी हेसिअड याचे वडील गरिबीला कंटाळून आशिया मायनरहून जहाजानं ग्रीसमध्ये आले आणि अस्क्रा या डोंगराळ गावी राहिले. मुलगा शेतकरी झाला. तो सांगतो, की आपण जहाजात बसलो ते एकदाच, जवळच्या युबीया बेटावर काव्यस्पर्धेसाठी. तिथं तो जिंकलाही.

पण सगळं भूगोलानंच ठरवलं, असं मी म्हणणार नाही. जमिनीची ओढाताण स्पार्टालाही होती, अथेन्सलाही. स्पार्टानं शेजारचा मेसेनिया जिंकून तिथल्या लोकांना राबवलं. अथेन्स पुढे समुद्राकडे वळलं. अडचण भूगोलाची, निवड माणसांची.

वर्गातल्या त्या मुलांना आज सांगावंसं वाटतं, की गड्यांनो, तो शब्द कुठल्या धर्माचा नाही. समुद्र ओलांडून परक्या किनाऱ्यावर घर मांडणाऱ्या माणसांचा आहे.