पावसाळाभर उभा राहिलेला ट्रॅक्टर सुरू कां होत नाहीं?

श्रावणापासून दसऱ्यापर्यंत गोठ्याशेजारीं उभा करून ठेवलेला ट्रॅक्टर नेमका रब्बीच्या पेरणीच्या दिवशीं सुरू होत नाहीं, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. मंगळवेढ्याकडील काळ्या रानांत ज्वारीच्या पेरणीजोगा वाफसा कोणासाठीं थांबून राहत नाहीं. अशा घाईंत मनुष्य चावी फिरवीत बसतो, बॅटरींत होती नव्हती ती शक्ति घालवितो, आणि शेवटीं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरास दोर बांधून ओढावयास लावतो. त्यापूर्वीं दोनच गोष्टी शांतपणें पाहाव्या, असें आमचें सांगणें आहे: चावी फिरविल्यावर आवाज कोणता येतो, आणि सायलेंसरांतून धूर कोणता निघतो. बहुतेक दोष एवढ्यावरूनच कोठें शोधावयाचा तें कळतें.

मात्र ट्रॅक्टर उघड्यावर राहिला असेल व त्याच्या उभ्या सायलेंसरावर झाकण नसेल, तर चावीस हातही लावूं नये. पावसाचें पाणी नळींतून उतरून, उघड्या राहिलेल्या झडपेवाटे सिलिंडरांत जाऊं शकतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं; अशा स्थितींत स्टार्टर मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारोंचा खर्च येऊन पडतो. शंका असल्यास जाणत्या कारागिराकडून नॉझल काढवून, इंजिन हातानें फिरवून आंतील पाणी बाहेर घालवावें. दिवे प्रखर असतांना स्टार्टर एकदां ‘ठक्’ करून जागींच अडला, तरी हीच शंका धरावी. सायलेंसरावर पालथा घातलेला एक जुना डबा हें सर्व टाळतो.

आतां आवाजाकडे वळूं. कांहींच आवाज नाहीं, किंवा नुसती ‘टक्‌टक्’ होते, तर दोष विजेच्या बाजूस आहे. डिझेलच्या नळ्या सोडीत बसूं नये. प्रथम गिअर न्यूट्रलमध्यें आहे ना व क्लच पुरता दाबला आहे ना, तें पाहावें. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्यावांचून स्टार्टरास वीज मिळतच नाहीं. नंतर पुढचा दिवा लावून चावी फिरवावी. दिवा अगदीं मंदावला तर बॅटरी उतरली आहे अथवा जोड सैल आहे. दिवा तसाच राहिला तर दोष चावीच्या स्विचांत, स्टार्टराच्या रिलेंत किंवा खुद्द स्टार्टरांत. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी विसावलेल्या स्थितींत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ वर आली म्हणजे ती जवळ जवळ रिकामी झाली. नुसती उभी असतांही शिशाची बॅटरी हळूहळू उतरत असते, व उतरलेली तशीच ठेवल्यास तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसून ती कायमची निकामी होते.

तथापि नवी बॅटरी आणण्याची घाई करूं नये. आम्हीं स्वतः एका वर्षीं एका कारागिराच्या शब्दावर नवी बॅटरी आणून बसविली, आणि ट्रॅक्टर होता तसाच. दुसऱ्या दिवशीं आमच्या गड्यानेंच दाखविलें कीं, अर्थची तार चासीला जेथें बोल्टनें आवळली होती तेथें गंज धरला होता. पॉलिश पेपरानें घासून बोल्ट आवळतांच काम झालें. वाफशाचा एक दिवस व नव्या बॅटरीची किंमत, दोन्ही फुकट गेलीं. म्हणून टर्मिनलें आणि अर्थ आधीं घासावीं. काढतांना ऋण तार प्रथम काढावी व जोडतांना शेवटीं जोडावी.

येथें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. खालीं उभें राहून पेंचकसानें स्टार्टराचे दोन बोल्ट जोडण्याची खोड पुष्कळांस आहे. त्या युक्तीनें न्यूट्रलचें संरक्षण बाजूस पडतें, आणि गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर सुरू होतांच मागचें मोठें चाक त्या मनुष्यावरून जातें. यांत माणसें गेलेलीं आहेत. घरांतील मुलांस व गड्यांस हें करूं देऊं नये.

इंजिन फिरतें पण पेटत नाहीं, अशा वेळीं धूर पाहावा. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा सोळा-अठरा पट दाबली जाऊन इतकी तापते कीं, तींत उडालेलें डिझेल आपोआप पेटतें. इंजिन सावकाश फिरलें तर ही उष्णता वाया जाते. म्हणून पांढरा धूर निघत असेल तर डिझेल पोंचत आहे पण पेटत नाहीं असें समजावें, व फिरण्याचा वेग कमी वाटल्यास पुन्हां बॅटरीकडे जावें. धूर मुळींच नसेल तर डिझेल पोंचत नाहीं. बंद करण्याचा दांडा ओढलेलाच राहिला आहे काय, तें प्रथम पाहावें. हंसूं येईल, पण हें वारंवार घडतें. मग टाकीचा कॉक पाहून फिल्टराखालचें थोडें डिझेल कांचेच्या बाटलींत काढावें. पाणी असल्यास तें तळाशीं बसेल. अर्धवट भरलेल्या टाकींत पावसाळी हवेचा ओलावा उतरतो, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर काळसर बुळबुळीत शेवाळासारखा मळ वाढून फिल्टर बुजतो. फिल्टर बदलल्यावर, फिल्टराचा व नंतर पंपाचा स्क्रू किंचित् सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंपानें हवा काढावी. अलीकडच्या कॉमन रेल इंजिनांत मात्र उच्च दाबाच्या नळीस पाना लावूं नये. तो दाब कातडी फोडून आंत शिरणारा असतो.

सुरू होऊन थोड्या वेळानें बंद पडत असेल, तर टाकीच्या टोपणाचें छिद्र पाहावें. कुंभारीण माशीला मातीचें घर करण्यास अशीच जागा आवडते. उंदरांनीं हवेच्या फिल्टरांत घरटें केलें आहे काय किंवा तारा कुरतडल्या आहेत काय, तेंही त्याच वेळीं पाहून घ्यावें.

स्टार्टर एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक मारूं नये, मध्यें मिनिटभर विसावा द्यावा. खोलींत ट्रॅक्टर असल्यास दारें आधीं उघडावीं, कारण धुरांतील विषारी वायूस वास नसतो. इंजिन चालू झाल्यावर तेलाच्या दाबाचा दिवा कांहीं सेकंदांत विझला नाहीं, तर तें ताबडतोब बंद करून आधीं तेलाची पट्टी काढून पाहावी.