सर्पगंधा आणि मुंगसाची गोष्ट

पावसाळा सुरू झाला, की सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. काहींच्या दंशावर वाळलेला लेप असतो. विचारले, की सोबतचे वडीलधारे सांगतात, "डॉक्टरसाहेब, मुंगसाची मुळी उगाळून लावलीय, थोडी पाजलीय."

मुंगूस नागाशी झुंजताना मध्येच झुडपात शिरते, सर्पगंधा चावते आणि ताजेतवाने होऊन परत येते, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मुळी दाराला बांधली की साप उंबरा ओलांडत नाही, असेही कुणी सांगतात. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. मुंगूस वाचते ते चपळाईमुळे. शिवाय नागाचे विष स्नायूंवर ज्या जागी चिकटून ते लुळे पाडते, त्या जागेची घडणच मुंगसात निराळी असते. विष तिथे नीट चिकटत नाही. ही त्याची जन्मजात देणगी. मुळी खाऊन ती माणसाला मिळत नाही.

मग सर्पगंधा म्हणजे नुसती थाप का? मुळीच नाही. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि जगभर वापरले गेले. पुढे त्याहून सोयीची औषधे आली. (बाजारातली मुळीची पूड 'बीपी'साठी मनाने घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना जरूर सांगावे. नाक चोंदणे, मन उदास होणे हे तिचे ठाऊक असलेले त्रास आहेत.)

पण हा गुण दिसायला दिवस, कधी आठवडे लागतात. विष काही तासांत काम उरकते. घोणस चावल्यावर तर रक्तदाब आधीच घसरू शकतो; तो उतरवणारी मुळी तिथे काय कामाची?

तरीही "आमच्या गावात इतके जण वाचले" असे लोक सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. धामण, दिवड बिनविषारी. विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. असा माणूस मुळीशिवायही वाचलाच असता. श्रेय मात्र मुळीला जाते.

खरा धोका वेगळाच. नाग किंवा मण्यार चावल्यावर पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरच्यांना वाटते, मुळी लागू पडली, डोळा लागला. प्रत्यक्षात ती लुळेपणाची सुरुवात असते, आणि पुढची पाळी श्वासाची.

दंश झालेला हात वा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नये. चिरू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. सापाला शोधत बसू नये. सरकारी रुग्णालयात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरही चालते. आणि रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात दुखू लागले, डोळे उघडता येईनात, तर दंशाची खूण दिसो न दिसो, मण्यार चावली असे धरूनच निघावे.