सुझानाचं माहेर

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्लिमथ गावात पिल्ग्रिम हॉल नावाचं संग्रहालय आहे. १८२४ पासूनचं, म्हणजे त्या देशाच्या मानानं चांगलंच जुनं. तिथं एडवर्ड विन्स्लो या गृहस्थाचं एक तैलचित्र आहे. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेला गेलेल्या प्रवाशांपैकी समोर बसवून काढलेलं चित्र या एकाचंच उपलब्ध आहे. ते १६५१ साली लंडनमध्ये काढलं गेलं. अंगात काळा पोशाख, गळ्याशी पांढरी कॉलर, हातात पत्र. त्या पत्राची शेवटची अक्षरं चित्रकारानं वाचता येतील अशी रंगवली आहेत : तुमची प्रेमळ पत्नी सुझाना.

ही सुझाना कोण? विन्स्लोची बायको, हे पहिल्यापासून ठाऊक होतं. पण ती कुणाची लेक आणि कुठल्या गावची, हे उजेडात यायला २०१७ साल उजाडलं. त्याआधी कित्येक वर्षं तिला भलतंच माहेर चिकटवलेलं होतं.

मी या शोधाच्या मागे लागलो त्याला कारण आहे. आमच्या घराण्याची वंशावळ आहे. तीत आठ पिढ्यांच्या पुरुषांची नावं आहेत, बायकांपैकी एकीचंही नाही. माझ्या पणजीच्या माहेरचं आडनाव काय, हे विचारायचं सुचलं तेव्हा सांगणारं माणूस घरात उरलं नव्हतं. त्यामुळे एका बाईचं माहेर चारशे वर्षांनी सापडलं हे वाचल्यावर ते कसं सापडलं, हे समजून घेतल्याशिवाय मला राहवेना.

सुझाना जहाजात चढली तेव्हा ती मिसेस व्हाइट होती. नवरा विल्यम व्हाइट, पाच वर्षांच्या आसपासचा मुलगा रिझॉल्व्ह्ड, दोन नोकर, आणि पोटात दुसरं मूल. १०२ प्रवाशांत लग्न झालेल्या बायका अठरा, त्यांतल्या तिघी गरोदर. माणसं राहत होती तिथं दोन मजल्यांमधली उंची जेमतेम साडेपाच फूट. दोन महिन्यांहून अधिक काळ हा प्रवास चालला. जहाजानं केप कॉडच्या आडोशाला नांगर टाकला आणि तिथंच, जहाजावरच, नोव्हेंबरच्या अखेरीस सुझाना बाळंत झाली. मुलाचं नाव ठेवलं पेरेग्रिन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ परदेशी, वाटसरू. न्यू इंग्लंडमध्ये इंग्रज आईबापांच्या पोटी जन्मलेलं हे पहिलं मूल. पिल्ग्रिम हॉलमध्ये एक वेताचा पाळणा ठेवला आहे. व्हाइट कुटुंबानं तो जहाजातून आणला, असं परंपरेनं सांगतात.

मग तो हिवाळा आला. निम्मी माणसं मेली. विल्यम व्हाइट २१ फेब्रुवारीला गेला. विन्स्लोची पहिली बायको एलिझाबेथ २४ मार्चला गेली. आणि १२ मे १६२१ रोजी सुझाना आणि एडवर्ड यांचं लग्न झालं. प्लिमथ वसाहतीतलं हे पहिलं लग्न. वसाहतीतले बरेच जण आधी हॉलंडात राहिलेले, म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे अधिकाऱ्यासमोर लागलं, धर्मगुरूसमोर नव्हे. तिला विधवा होऊन साडेअकरा आठवडे झाले होते, त्याला विधुर होऊन सात. कडेवर साडेपाच महिन्यांचं पोर, भोवती परका किनारा. या घाईत मला तरी गैर काही दिसत नाही.

जुन्या कागदांत विल्यमच्या मृत्यूचं साल १६२० असं लिहिलेलं असतं. त्या काळी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी मागल्या वर्षातच मोजला जाई. शक आणि संवत यांच्या हिशेबात आपल्याकडे जशी गफलत होते तशीच ही. वंशावळ लावणारे कितीतरी लोक या एका वर्षापायी चुकले आहेत.

आता माहेराकडे वळू. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यानं हातानं लिहिलेली बखर हा या माणसांचा मुख्य आधार. बखरीच्या शेवटी प्रवाशांची यादी आहे. या बखरीची कथाही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ती बॉस्टनहून नाहीशी झाली. १८५५ साली तिचा पत्ता लागला तो लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहात, फुलम राजवाड्यात. पुढच्या वर्षी ती छापली गेली आणि मूळ प्रत १८९७ साली मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली. ब्रॅडफर्डनं त्या यादीत विल्यम व्हाइटचं नाव लिहून पुढे ‘त्याची बायको सुझाना’ एवढंच लिहिलं आहे. यादी घरांची होती आणि घर ओळखलं जायचं पुरुषाच्या नावानं.

म्हणून अभ्यासकांनी हॉलंडातल्या लायडन शहराच्या दप्तरात शोध घेतला. मेफ्लॉवरवरचे बरेच लोक आधी तिथं राहत होते आणि तिथल्या लग्नाच्या नोंदीत वधूचं माहेरचं नावही लिहीत. तिथं एक नोंद सापडली : १६१२ साल, लोकर विंचरणारा विल्यम व्हाइट आणि अ‍ॅन फुलर यांचं लग्न. अ‍ॅन हे सुझाना नावाचंच लघुरूप असावं असं धरलं गेलं. मेफ्लॉवरवर सॅम्युएल आणि एडवर्ड फुलर हे दोघं भाऊ होते. सुझाना त्यांची बहीण ठरली, नॉरफोकमधल्या रेडनहॉल गावच्या रॉबर्ट फुलरची लेक. पुस्तकांत छापून आलं, त्यावरून पुढच्या पुस्तकांनी उचललं, हजारो वंशजांनी आपापल्या वंशावळीत लिहून घेतलं.

नाव जुळलं की माणूस जुळलं, ही चूक आपल्याकडेही रोज होते. एकाच गावात एकाच नावाची चार माणसं असतात. लायडनमध्येही विल्यम व्हाइट नावाचा माणूस एकच नव्हता, आणि लोकरीचा धंदा करणारा व्हाइट तर मेफ्लॉवर निघून गेल्यावरही लायडनमध्येच दिसतो.

खरा दुवा एका पत्रात होता. १६२३ च्या शरद ऋतूत विन्स्लो वसाहतीच्या कामासाठी इंग्लंडला आला होता. ३० ऑक्टोबरला त्यानं एक पत्र लिहिलं, मायना ‘काका रॉबर्ट जॅक्सन’ असा. इंग्रजी नात्याच्या शब्दांची अडचण इथं लगेच जाणवते. त्यांचा एकच शब्द आपल्या काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान या सगळ्यांना पुरतो. पण पत्रातला मजकूर बोलका आहे. विन्स्लो सांगतो, की सुमारे दोन वर्षांपूर्वी आपण सासऱ्यांना पत्र धाडलं होतं. त्यांचे जावई व्हाइट वारले, मुलगी आणि तिची दोन्ही मुलं सुखरूप आहेत, आणि देवाच्या योजनेनं ती आता माझी पत्नी आहे, असं त्यात कळवलं होतं. मग तो पुढचं सांगतो. आम्हाला एक मूल झालं, ज्यानं दिलं त्यानंच ते परत नेलं. मी निघालो तेव्हा ती पुन्हा गरोदर होती, बाळंतपणाच्या आत परत पोचेन अशी आशा आहे.

एका परक्या माणसानं सासरच्या वडीलधाऱ्यांना घातलेलं हे पत्र. हे माझ्या वाचनातलं सुझानाचं सर्वांत जवळून घडलेलं दर्शन आहे. समुद्रापलीकडे राहिलेल्या माहेराला लेकीची खुशाली कळावी म्हणून तिच्या दुसऱ्या नवऱ्यानं ते लिहिलं. ते पाठवा म्हणून सुझानानंच त्याच्या मागे लकडा लावला असेल, असं मला वाटतं.

आता हिशेब घाला. रेडनहॉलच्या रॉबर्ट फुलरचं मृत्युपत्र १६१४ सालचं आहे, आणि तो त्याच वर्षी वारला. सुझानाचे वडील १६२१ च्या सुमाराला हयात असल्याशिवाय विन्स्लो त्यांना पत्र लिहिणार नाही. मेलेल्या सासऱ्याला जावई खुशाली कळवत नसतो. फुलर घराणं एवढ्यावरच बाद होतं, आणि मागे उरतं जॅक्सन हे आडनाव.

पण इंग्लंडात जॅक्सन पैशाला पासरी. सू अ‍ॅलन, केलेब जॉन्सन आणि सायमन नील या तिघांनी त्या काळची इंग्लंडमधली कागदपत्रं लावून धरली आणि २०१७ साली ‘द अमेरिकन जीनिऑलॉजिस्ट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला : सुझाना ही नॉटिंगहॅमशरमधल्या स्क्रूबीच्या रिचर्ड जॅक्सनची मुलगी.

स्क्रूबी हे नाव या इतिहासात फार मोठं आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचं छोटंसं गाव. तिथला वाडा यॉर्कच्या आर्चबिशपच्या मालकीचा, आणि त्यात राहणारा विल्यम ब्रूस्टर टपालचौकी सांभाळणारा. सरकारी चर्चपासून फुटून निघालेल्या मंडळींच्या प्रार्थना याच वाड्यात होत. ब्रॅडफर्डही तिथून काही मैलांवरच्या ऑस्टरफील्ड गावचा, प्रार्थनेला तिथंच येणारा. १६०७ साली धर्मन्यायालयानं स्क्रूबीच्या दोन माणसांवर समन्स काढलं. एक विल्यम ब्रूस्टर, दुसरा रिचर्ड जॅक्सन. ते हजर राहिले नाहीत. १६०८ मध्ये ब्रूस्टर, जॅक्सन आणि रॉबर्ट रोचेस्टर या तिघांना प्रत्येकी २० पौंड दंड झाला. साध्या शेतमजुराची ती दोन-तीन वर्षांची कमाई.

म्हणजे कागदांत रिचर्ड जॅक्सनचं नाव केव्हाचं होतं. मेफ्लॉवरच्या या मंडळींवरच्या, म्हणजे पिल्ग्रिम लोकांवरच्या, पुस्तकांत ब्रूस्टरबरोबर त्याचा उल्लेख येऊन जाई आणि वाचणारे पुढे सरकत. त्याची मुलगी मेफ्लॉवरमध्ये असेल, असा विचार कुणी केला नव्हता.

या शोधानं मला १६२१ च्या त्या प्रसिद्ध मेजवानीकडे नव्यानं पाहायला लावलं. अमेरिकेत दर नोव्हेंबरात ‘थँक्सगिव्हिंग’ साजरं करतात ते त्या मेजवानीची आठवण म्हणून. विन्स्लोनंच ११ डिसेंबर १६२१ च्या पत्रात तिचं वर्णन केलं आहे : तीन दिवसांचा पाहुणचार, तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोग लोकांचा राजा मासासोइट आणि त्याचे ९० लोक, त्यांनी मारून आणलेली पाच हरणं. वसाहतीतली पन्नासेक माणसं वेगळी. आणि एवढ्यांचं रांधायला अठरा बायकांपैकी उरल्या होत्या चौघी. एलिझाबेथ हॉपकिन्स, एलिनॉर बिलिंग्टन, मेरी ब्रूस्टर आणि सुझाना. हाताशी काही मुली आणि नोकर पोरं. फुलरांची लेक म्हणून सुझाना या चौघींत एकटी दिसायची. आता कळतं, की मेरी ब्रूस्टर तिच्या वडिलांच्या सोबत्याची बायको होती, तिच्या माहेरच्या गावची बाई. त्या चुलीपाशी स्क्रूबीच्या विहिरी, स्क्रूबीची माणसं ठाऊक असलेल्या दोघी होत्या. कुठल्याही बखरीत हे लिहिलेलं नाही. एक आडनाव दुरुस्त झालं म्हणून ते दिसलं.

सुझानाच्या पुढच्या पिढीबद्दल कागद भरपूर आहेत, कारण ती मुलग्यांची हकीकत आहे. पेरेग्रिनला या मुलखात जन्मलेला पहिला इंग्रज म्हणून १६६५ मध्ये २०० एकर जमीन मिळाली. तो ८३ वर्षं जगला. जुलै १७०४ मध्ये वारला तेव्हा ‘बॉस्टन न्यूज लेटर’नं ती बातमी दिली. ते वृत्तपत्र सुरू होऊन तीन महिने झाले होते. विन्स्लोपासून झालेला जोसाया १६७३ मध्ये गव्हर्नर झाला, अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला पहिला गव्हर्नर.

जोसायाचं नाव आलं की एक गोष्ट टाळता येत नाही. ही वसाहत उभी राहिली ती वाम्पानोग लोकांच्या पटक्सेट गावाच्या जागी. १६१६ पासून आलेल्या साथींनी ते गाव ओस पडलं होतं. १६२३ मध्ये मासासोइट मरणपंथाला लागला, तेव्हा विन्स्लोनं उशाशी बसून त्याचं तोंड साफ केलं, त्याला सूप करून पाजलं आणि तो वाचला. पन्नास वर्षांनी त्याच मासासोइटचा मुलगा मेटाकॉम आणि त्याच विन्स्लोचा मुलगा जोसाया एकमेकांवर युद्धाला उभे राहिले. १६७६ मध्ये मेटाकॉम मारला गेला. त्याची बायको आणि लहान मुलगा इंग्रजांच्या कैदेत पडले होते आणि त्या काळात शेकडो वाम्पानोग कैदी गुलाम म्हणून विकले गेले. त्या बायकांच्या माहेरांचा शोध घ्यायला कुणाकडे दप्तर नाही. सुझानाची कथा सांगताना ही बाजू वगळणं मला मान्य नाही.

एडवर्ड विन्स्लो १६४६ मध्ये इंग्लंडला गेला तो परत आलाच नाही. चित्रातलं ते पत्र या विरहाच्या काळातलं. इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्या आरमाराबरोबर वेस्ट इंडीजमध्ये असताना मे १६५५ मध्ये तो तापानं वारला आणि त्याला समुद्रातच निरोप देण्यात आला. दुसऱ्यांदा विधवा झालेली सुझाना मार्शफील्डला मुलांजवळ राहिली.

ती केव्हा गेली, याची नोंद नाही. डिसेंबर १६५४ च्या नवऱ्याच्या मृत्युपत्रात ती हयात आहे, जुलै १६७५ च्या जोसायाच्या मृत्युपत्रापर्यंत ती वारलेली आहे. मधल्या वीस वर्षांत केव्हातरी. वडिलांचं नाव मात्र आता तिच्या नावापुढे लागलं आहे, आणि आईचंही : रिचर्ड जॅक्सन आणि मेरी पेटिंजर.

दिवाळीत घर भरलेलं असेल. आजी, आत्या, काकू, मावशी यांपैकी ज्या आहेत त्यांना त्यांच्या आईचं आणि आजीचं माहेर विचारा, गावासकट लिहून ठेवा. मी माझ्या आईकडून तिच्या आजीचं लिहून घेतलं आहे. वडिलांकडच्या पणजीचं राहिलं.