अंककोडीं : घरांतील एक निर्मळ बुद्धिविलास

करमणूक ही चैन नसून गरज आहे, हें तत्त्व सुशिक्षित कुटुंबांत आतां कोणी नाकारीत नाहीं. प्रश्न उरतो तो एवढाच, कीं आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना एकाच बैठकीवर गुंतवून ठेवील अशी करमणूक कोणती? बुद्धिबळांत दोघे खेळतात व बाकीच्यांना प्रेक्षक व्हावें लागतें. पत्त्यांचा डाव चौघांत रंगतो आणि पांचवा रुसून बसतो. भ्रमणध्वनीचा पडदा तर शेजारीं बसलेल्या माणसांनाही एकमेकांपासून दूर नेतो. अंकांच्या कोड्याला मात्र गड्यांची मर्यादा नाहीं, आणि एक कागद व एक पेन्सिल एवढेंच त्याचें भांडवल.

ही आवड आपल्याकडे परक्यांकडून आलेली आहे असें मात्र नाहीं. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नांवाचें प्रकरण असून त्यांत अंकांच्या नानाविध रचनांचा विचार आहे. नारायण पंडितांनीं १३५६ सालीं रचलेल्या ‘गणितकौमुदी’त भद्रगणित या नांवाखालीं जादूच्या चौरसांचें शास्त्रच मांडलें आहे. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरांत सोळा घरांचा एक चौरस कोरलेला आहे. त्याची कोणतीही ओळ उभी, आडवी वा तिरपी मिळवा, बेरीज चौतीसच येते.

नऊ घरांचा चौरस तर घरोघरीं कोणा ना कोणाला पाठ असतो. एक ते नऊ हे अंक असे मांडावयाचे, कीं प्रत्येक ओळीची बेरीज पंधरा यावी. परंतु पाठ असणें वेगळें आणि उमगणें वेगळें. मुलांना विचारावें, ‘पंधराच कां? चौदा कां नाहीं?’ एक ते नऊ यांची बेरीज पंचेचाळीस. ती तीन आडव्या ओळींत सारखी वांटली म्हणजे पंधरा. पुढचा प्रश्न, ‘मधल्या घरांत कोण बसणार?’ मधल्या घरांतून चार ओळी जातात. त्यांची मिळून बेरीज साठ. या चार ओळींत प्रत्येक घर एकदां येतें, मधलें घर मात्र चारदां, म्हणजे तीनदां अधिक. साठांतून पंचेचाळीस वजा जातां उरले पंधरा, आणि त्याचा तिसरा हिस्सा पांच. मध्यें पांचाशिवाय दुसऱ्या कोणाला जागाच नाहीं! पाठांतरानें मिळालेला चौरस उसना असतो. असा कारणासह हातीं आलेला चौरस मुलाच्या मालकीचा होतो.

एकत्र कुटुंबाला शोभेल असें आणखी एक कोडें देतों. काका, मामा आणि दादा यांची बेरीज केली, तर ‘कामादा’ होते :

काका + मामा + दादा = कामादा

यांतील ‘का’, ‘मा’ व ‘दा’ हे तीन निरनिराळे अंक असून त्यांपैकीं एकही शून्य नाहीं. चाचपडत बसण्याचें कारण नाहीं. एकंस्थानीं का, मा व दा यांची बेरीज करून खालीं ‘दा’च आला; म्हणजे ‘का’ व ‘मा’ मिळून दहा झाले पाहिजेत आणि हातचा एक. दशंस्थानीं तेच तीन अंक व तो हातचा; म्हणजे दहा, ‘दा’ आणि एक, मिळून अकरा अधिक ‘दा’. ही बेरीज फार तर वीस होईल. म्हणून शतंस्थानचा ‘का’ एक किंवा दोन. दोन म्हणावें तर ‘मा’ आठ होतो. परंतु वीस होतांना दशंस्थानीं शून्य येतें, आठ नव्हे. तेव्हां ‘का’ एक, ‘मा’ नऊ. आणि अकरा अधिक ‘दा’ म्हणजे एकोणीस, म्हणून ‘दा’ आठ. पडताळा पाहावा : ११ + ९९ + ८८ = १९८. दुसरें उत्तर संभवतच नाहीं.

या खेळाचा खरा लाभ मात्र उत्तरापलीकडचा आहे. आपल्या घरांत लहानांनीं मोठ्यांस ‘कां?’ म्हणून विचारणें बहुधा उद्धटपणाचें गणलें जातें. वडीलकीचा मान राहिलाच पाहिजे. पण त्या मानाखालीं लहानांची विचारशक्ति दबून जाऊं नये, ही चिंता प्रत्येक विचारी पालकाला असते. अंककोड्यापुढें ही अडचण आपोआप सुटते. आजोबांनीं एका घरांत सात लिहिला, आणि आठ वर्षांची नात म्हणाली, ‘आजोबा, या ओळींत सात आधींच आहे,’ तर आजोबांनीं खोडरबर हातीं घ्यावें यांतच त्यांचा मोठेपणा. नात आजोबांचा अवमान करीत नाहीं. दोघेंही एकाच नियमाचे सेवक असतात. नव्यानें घरांत आलेली सून, जी सासऱ्यांसमोर चार शब्द बोलावयास संकोचते, तीही ‘मामंजी, हा अंक येथें बसणार नाहीं’ असें निःशंकपणें सांगूं शकते, आणि तिच्या बुद्धीची ओळख घराला स्वयंपाकघराबाहेर पटते. ‘मुलींना गणित जमत नाहीं’ हा जुना समज खोडून काढावयास व्याख्यानापेक्षां अशी एक संध्याकाळ अधिक उपयोगी पडेल.

याच मातींत संख्यांवर जीव लावणारा एक शिक्षक होऊन गेला, हें मुलांस अवश्य सांगावें. डहाणूस जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीस शाळाशिक्षक होते. त्यांनीं १९४९ सालीं मद्रासच्या गणितपरिषदेंत ६१७४ या संख्येचें नवल मांडलें. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमानें मांडलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर तेंच पुन्हां करा. १९४७ घेतल्यास क्रमानें ८२६२, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटीं ६१७४ येतें. आणि तेथून हालतां येत नाहीं. सातांहून अधिक पायऱ्या कधींच लागत नाहींत. घरांतील प्रत्येकानें आपलें जन्मवर्ष घेऊन कोण किती पायऱ्यांत पोंचतो तें पाहावें. वजाबाकीचा कंटाळा कोठल्या कोठें पळतो! १९७५ सालीं मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें कापरेकरांवर लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष देवळालीकडे वळलें.

हल्लीं वर्तमानपत्रांतून जें सुडोकू येतें, त्याचें नांव जपानी असलें तरी जन्म अमेरिकेंतला. हॉवर्ड गार्न्स या वास्तुशिल्पज्ञाचें हें कोडें १९७९ सालीं तेथें छापलें गेलें, १९८४ सालीं जपानांत पोंचलें, आणि २००४ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या ‘टाइम्स’नें स्वीकारल्यावर जगभर पसरलें. एक्याऐंशी घरांपैकीं निदान सतरा अंक दिल्याखेरीज उत्तर एकमेव ठरत नाहीं, हें २०१२ सालीं संगणकाच्या साहाय्यानें सिद्ध झालें. कौटुंबिक बैठकीस तें उत्तम. मात्र एकानेंच पेन्सिल बळकावूं नये.

येथें दोनचार पथ्यें सांगणें अवश्य आहे. अंदाजपंचे अंक भरूं नये. जो अंक लिहील त्यानें कारण सांगावें, आणि तें सर्वांना पटल्यावरच तो कायम व्हावा. पाळी धाकट्यापासून सुरू करावी, नाहीं तर वडील मंडळीच कोडें संपवून टाकतात. ज्याला उशिरां सुचतें त्याला थांबून राहण्याची सवलत द्यावी. घड्याळ लावूं नये. आजीला पावकी, निमकी, औटकी मुखोद्गत असतील, तर तिला हिशेबाची पडताळणी सोंपवावी. तिची विद्या नातवंडांच्या उपयोगीं पडली, याचें समाधान तिला काय वर्णावें!

कोणी म्हणेल, हा वेळ शाळेच्या अभ्यासास द्यावा. परंतु शाळेंत चुकलेलें उदाहरण गुण खातें, म्हणून मूल चुकीला भितें. येथें चूक खोडून पुढें जाणें हाच खेळ. गणिताची धास्ती बसलेल्या मुलाला शिकवणीपूर्वीं या निर्भयतेची गरज असते.

जातां जातां एक कोडें वाचकांच्या घरासाठीं ठेवतों. कापरेकरांचीच रीत तीन अंकी संख्येवर चालवून पाहावी. तिन्ही अंक सारखे तेवढे नसावेत. दर वजाबाकींत मधला अंक नऊच कां येतो, आणि प्रवास अखेर कोठें थांबतो? उत्तर मुद्दामच देत नाहीं. तें आपल्या घरांतील सर्वांत धाकट्या सभासदाच्या तोंडून, कारणासह, ऐकण्यांत जी गोडी आहे, ती येथें छापून हिरावून घेणें बरें नव्हे.