जिंकलेली रक्कम खात्यात कधी येते?

ऑनलाइन कॅसिनोच्या पडद्यावर झळकलेली रक्कम बँकेत पोहोचेलच, असे नाही. जानेवारी २०१८मध्ये ब्रिटनमधल्या एका ग्राहकाने बेटफ्रेड या जुगार कंपनीच्या ब्लॅकजॅक खेळात १७ लाख पौंड जिंकले. सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाकडे बोट दाखवत कंपनीने पैसे द्यायला नकार दिला. एप्रिल २०२१मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने ज्या अटींचा आधार घेतला, त्या त्याच्यापुढे पुरेशा ठळकपणे मांडल्याच नव्हत्या.

ओळखीची पडताळणी : ब्रिटनमध्ये ७ मे २०१९पासून नाव, पत्ता आणि जन्मतारीख खेळ सुरू होण्याआधीच तपासावी लागते. जी माहिती आधी मागता आली असती, तिच्यासाठी पैसे अडवून ठेवता येत नाहीत.

बोनसची अट : बोनसवरची कमाई काढण्याआधी ठरावीक पट रकमेच्या पैजा लावाव्या लागतात. १९ जानेवारी २०२६पासून ब्रिटनमध्ये १० पटींची मर्यादा आहे. म्हणजे ५० पौंडांच्या बोनसवर जास्तीत जास्त ५०० पौंडांच्या पैजा.

भारतात : ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. त्यात बँकांनाही असे व्यवहार करण्यास मनाई आहे. महाराष्ट्रातून परदेशी संकेतस्थळावर पैसे लावणाऱ्याला ब्रिटिश ग्राहकाचे हे संरक्षण मिळत नाही.