पहिल्या वाक्यात विषय : इंग्रजी पत्रव्यवहारासंबंधी काही विचार

वैद्यकव्यवसाय आणि औषधनिर्माण या दोन्ही क्षेत्रांत इंग्रजी पत्रलेखनाचे प्रसंग आता नित्याचे झाले आहेत. परदेशी आयातदार, परराज्यातील वितरक, कच्च्या द्रव्यांची तपासणी करणारी प्रयोगशाळा, शोधनिबंध स्वीकारणारे नियतकालिक, आपला रुग्ण ज्याच्याकडे पाठवावयाचा तो हृद्रोगतज्ज्ञ, या सर्वांशी आपला पहिला परिचय एखाद्या कागदाने किंवा ई-मेलने होतो. व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देणारी साधने आज कोणालाही उपलब्ध आहेत. तथापि पत्राचा विषय कोठे आणि कसा मांडावा, हा प्रश्न व्याकरणाचा नव्हे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

एका औषधनिर्मात्या बंधूंनी अमेरिकेतील आयातदारास पाठविलेल्या पत्राची प्रत आमच्याकडे अवलोकनार्थ दिली होती. पत्र दोन पृष्ठांचे. पहिल्या परिच्छेदात आयुर्वेदाची प्राचीनता आणि धन्वंतरीचे स्मरण, दुसऱ्यात आजोबांनी स्थापिलेल्या औषधालयाचा इतिहास, तिसऱ्यात शुद्धतेविषयी निष्ठा. त्रिफळा गोळ्यांच्या विक्रीसाठी हे पत्र आहे, हा उलगडा दुसऱ्या पृष्ठावर होत होता. उत्तर आले नाही. औषध उत्तम होते, भाषाही फारशी सदोष नव्हती; पण दिवसाकाठी ढीगभर पत्रे चाळणाऱ्या माणसाने दुसरे पृष्ठ उलटावे, असे पहिल्या पृष्ठात काहीच नव्हते.

ही सवय आपल्याला कोठून लागली, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या मराठी पत्राच्या आरंभी 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असे लिहीत, येथील क्षेम कळवून तेथील विचारीत, आणि मग मजकूर सुरू होई. वाचणाऱ्याची दृष्टी त्या 'विशेष' शब्दाच्या पुढे आपोआप जाऊन स्थिरावे. म्हणजे मायना कितीही आदराचा असला तरी तो साचेबंद होता आणि विषयाची जागा ठरलेली होती. इंग्रजीत मायना 'डिअर' या एका शब्दावर आणि नावावर आटोपतो. त्यापुढील पहिलेच वाक्य हे त्यांचे 'विशेष'. तेथे आपण इतिहास लिहू लागलो, तर वाचणारा त्या इतिहासालाच विषय समजतो आणि आपले येथे काही काम नाही असे ठरवितो.

विषय आरंभीच सांगणे ही पाश्चात्त्यांची रुक्ष रीत आहे, असे काही ज्येष्ठ वैद्यांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांत प्रत्येक अध्यायाच्या आरंभीच त्या अध्यायाचे नाव घेऊन त्याचे व्याख्यान करण्याची प्रतिज्ञा असते. तंत्रयुक्ती तर आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केल्या आहेत. सुश्रुताने उत्तरतंत्राच्या ६५व्या अध्यायात ३२ सांगितल्या, चरकसंहितेच्या सिद्धिस्थानाच्या १२व्या अध्यायात ३६ आल्या. त्यांतील 'उद्देश' म्हणजे संक्षेपाने कथन आणि 'निर्देश' म्हणजे विस्ताराने कथन. पत्राची विषयओळ हा उद्देश, पुढील मजकूर हा निर्देश. शास्त्रग्रंथांच्या अनुबंधचतुष्टयातील विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ही चार अंगे पाहावीत. आम्ही कशाविषयी लिहितो, कशासाठी लिहितो, आपला-आमचा संबंध काय आणि हे पत्र आपल्याचकडे का, हेच चार प्रश्न आयातदाराच्या मनात असतात.

आणि प्रत्यक्ष पत्रलेखनासंबंधीच प्रमाण हवे असेल, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणाचा १०वा अध्याय उघडावा. राजशासनांचे लेखन कसे करावे हे तेथे सांगितले आहे. लेखाचे सहा गुण गणताना कौटिल्य सर्वप्रथम 'अर्थक्रम' हा गुण घेतो, आणि प्रधान अर्थ आधी मांडणे असे त्याचे स्वरूप सांगतो. पुनरुक्ती हा त्याने सांगितलेल्या दोषांपैकी एक आहे. मंगलाचरण ग्रंथाला शोभते. दर विचारणाऱ्या किंवा कळविणाऱ्या पत्राला त्याची गरज नाही.

विषयाची ओळ

शासकीय पत्रव्यवहारामुळे 'विषय' आणि 'संदर्भ' या दोन ओळी आपल्या हाडीमांसी खिळल्या आहेत, आणि ते चांगलेच आहे. इंग्रजीतही 'सब्जेक्ट' किंवा 'रि' लिहून ही ओळ देतात. यातील 'रि' हे 'रिगार्डिंग' या शब्दाचे लघुरूप आहे असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तो लॅटिन शब्द असून 'अमुक प्रकरणी' असा त्याचा अर्थ आहे. म्हणून 'रि : रिगार्डिंग' असे लिहिणे म्हणजे 'विषय : विषयी' असे लिहिण्यासारखे होय.

ओळ लहान असावी, पण अपुरी नसावी. नुसते 'आवर प्रॉडक्ट्स' किंवा 'बिझनेस प्रपोजल' लिहिल्याने काहीच कळत नाही. 'त्रिफला टॅब्लेट्स ५०० मिलिग्रॅम : रिक्वेस्ट फॉर ट्रायल ऑर्डर' यातून द्रव्य, कल्प, मात्रा आणि प्रयोजन चारही कळतात. आपल्या व्यवसायात येथे एक विशेष अडचण येते. 'ब्राह्मी' या नावाने कोणी बॅकोपा मोनिएरी घेतो, तर कोणी सेंटेला एशियाटिका, जिला आपण मंडूकपर्णी म्हणतो. शंखपुष्पीची गोष्ट याहून बिकट आहे. संदिग्ध द्रव्यांचा हा वाद आपण परिसंवादांत रंगवतो, पण पत्राच्या विषयओळीत मात्र 'ब्राह्मी पावडर' एवढेच लिहून मोकळे होतो. तिकडचा खरेदीदार एक वनस्पती समजून मागणी नोंदवितो, माल दुसऱ्या वनस्पतीचा जातो, आणि तपासणीत तो नापास होतो. यास्तव द्रव्याचे लॅटिन नाव आणि उपयोगात आणलेले अंग विषयओळीतच असावे. अश्वगंधेच्या बाबतीत तर 'रूट' हा शब्द कधीही गाळू नये. मुळाऐवजी पानांचा वापर टाळावा, अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना दिली होती.

विषयओळ लिहिल्यावर पहिले वाक्य 'विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट' असे सुरू करण्याची प्रथा आहे. 'उपरोक्त विषयास अनुसरून' याचे ते शब्दशः भाषांतर. सरकारी कार्यालयास लिहिताना ते चालून जाते. परदेशी व्यापाऱ्यास लिहिताना ते सोडावे, कारण वर लिहिलेलेच वर लिहिले आहे, असे सांगण्यापलीकडे त्यातून काहीही साधत नाही.

आरंभाचे शब्द आणि त्यांचे गुणधर्म

द्रव्य तेच असले तरी अनुपानाने त्याचे कार्य बदलते. वाक्यारंभाच्या शब्दांचेही तसेच आहे. सर्वांत निर्दोष आरंभ 'वुई आर रायटिंग टू' हा होय. त्यापुढे येणारे क्रियापद प्रयोजन सांगून टाकते. 'एन्क्वायर' म्हटले की विचारणा, 'कन्फर्म' म्हटले की ठरलेल्या गोष्टीला दुजोरा, 'रिक्वेस्ट' म्हटले की विनंती, 'अप्लाय' म्हटले की अर्ज. आधीच्या पत्राचा किंवा संभाषणाचा धागा पुढे न्यावयाचा असेल तर 'फरदर टू आवर कॉन्व्हर्सेशन' असा आरंभ करावा. पूर्वीच्या पत्रास उत्तर देताना 'थँक यू फॉर युवर लेटर ऑफ ५ मार्च' एवढे पुरते, आणि त्याच ओळीत पुढे उत्तर यावे.

'विथ रेफरन्स टू युवर लेटर' लिहून पूर्णविराम देण्याची चूक फार आढळते. ते वाक्यच नव्हे. 'आपल्या पत्रासंबंधी' म्हणून थांबल्यासारखे ते होते. 'विथ रिगार्ड टू' आणि 'ॲज रिगार्ड्स' ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. त्यांच्या संकरातून जन्मलेले 'विथ रिगार्ड्स टू' मात्र अशुद्ध मानतात. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही. 'ॲज फार ॲज द प्राइस' असा आरंभ केला, तर पुढे 'इज कन्सर्न्ड' यावेच लागते. हा प्रयोग पत्राच्या आरंभी न करता मध्ये, एका मुद्द्यावरून दुसऱ्याकडे वळताना करावा.

आता काही आरंभ असे आहेत, की ज्यांचे शब्द सौम्य आणि वीर्य तीक्ष्ण. 'वुई वुड लाइक टू ड्रॉ युवर अटेन्शन टू' हे वाक्य आपल्याकडे नव्या उत्पादनाची माहिती देताना सर्रास वापरतात. आपल्याला ते 'आपले लक्ष वेधू इच्छितो' इतकेच सौजन्याचे वाटते. इंग्रजी वाचकास मात्र त्यात बहुधा तक्रारीचा किंवा समज दिल्याचा सूर ऐकू येतो. 'इट हॅज कम टू आवर नोटिस दॅट' तर दोष दाखविण्यासाठीच राखून ठेवलेले आहे. 'धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट' हा सूचनाफलकाचा स्वर होय. 'काइंडली डू द नीडफुल' हे आपल्या देशाबाहेर अनेकांना कळतच नाही. नेमके काय करावे, हेच त्यात सांगितलेले नसते. 'आय ॲम डायरेक्टेड टू' असे लिहिणाऱ्यास वरिष्ठाची आज्ञा असावी लागते. औषधालयाच्या मालकांनीच तसे लिहिलेले पाहून आम्हांस मौज वाटली. आणि 'सब्जेक्ट टू' म्हणजे 'विषयी' नव्हे, 'अधीन' हे आपल्या बिलपुस्तकावरील 'सब्जेक्ट टू पुणे ज्युरिस्डिक्शन' या ओळीने सर्वांना ठाऊक असावयास हवे.

ही अवजड वाक्ये आपण ज्या साहेबी कचेऱ्यांतून उचलली, तेथेच त्यांच्याविरुद्ध चळवळ झाली, हे येथे नमूद करणे योग्य होईल. सर अर्नेस्ट गोवर्स या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने आपल्याच सरकारच्या सांगण्यावरून १९४८ मध्ये 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहिले, आणि १९५४ मध्ये त्याची एकत्रित आवृत्ती निघाली. कार्यालयीन भाषा साधी आणि नेमकी असावी, हा त्याचा आग्रह. अमेरिकेने २०१० मध्ये त्यासाठी कायदाच केला.

विषयवाक्यातील दावा

वर उल्लेखिलेल्या पत्रात आणखी एक गोष्ट होती, आणि ती अधिक गंभीर आहे. विषय एकदाचा आला तो 'मधुमेह समूळ बरा करणारे औषध' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याने. अमेरिकेच्या कायद्यात एखादा पदार्थ औषध ठरतो तो त्याच्या अभिप्रेत उपयोगावरून. हा उपयोग केवळ लेबलवरून नव्हे, तर जाहिराती व निर्मात्याची लेखी-तोंडी विधाने यांवरूनही पाहता येतो. रोगाचे नाव घेऊन 'क्युअर', 'ट्रीट' किंवा 'प्रिव्हेंट' म्हटले, की ते औषध; आणि औषध म्हटले, की पूर्वमान्यतेविना विक्री नाही. तेथे आपली बहुतेक उत्पादने १९९४च्या कायद्याखाली 'डाएटरी सप्लिमेंट' म्हणून जातात. त्यांना शरीराच्या रचनेस व कार्यास साहाय्य होते, एवढेच म्हणता येते. सुज्ञ आयातदार असे पत्र बाजूला ठेवतो, कारण ते त्याच्या दप्तरी असणेही त्याला अडचणीचे वाटते. युरोपीय संघाची रीत निराळी आहे. २००४च्या निर्देशानुसार पारंपरिक वनौषधी म्हणून नोंदणीसाठी ३० वर्षांचा औषधी वापर, आणि त्यांतील किमान १५ वर्षे संघाच्या देशांतील वापर, दाखवावा लागतो.

म्हणून त्या बंधूंना आम्ही पहिले वाक्य असे सुचविले : 'वुई मॅन्युफॅक्चर त्रिफला टॅब्लेट्स इन महाराष्ट्र अंडर ॲन आयुर्वेदिक ड्रग लायसन्स, अँड आर रायटिंग टू आस्क व्हेदर यू इम्पोर्ट सच प्रॉडक्ट्स ॲज डाएटरी सप्लिमेंट्स.' आपल्या देशातील परवान्याची सत्य स्थिती त्यात आहे, त्यांच्या देशातील वर्ग त्यांनाच ठरवू दिला आहे, आणि दावा एकही नाही. दुसरे वाक्य जड धातूंच्या तपासणीविषयी असावे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतील ७० आयुर्वेदिक उत्पादनांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळले होते. तेव्हापासून खरेदीदाराच्या मनातील पहिली शंका तीच आहे. आपल्या शासनानेही १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांसाठी ही तपासणी बंधनकारक केली. प्रत्येक बॅचचा अहवाल सोबत जोडला आहे, हे त्याने विचारण्यापूर्वीच सांगितलेले बरे. आजोबांचा इतिहास माहितीपत्रकात शोभून दिसेल.

परिषदेत निबंध वाचताना 'मायसेल्फ वैद्य अमुक' असा आरंभ ऐकू येतो, तो सोडून 'आय ॲम' म्हणावे. शोधनिबंध रुग्णवृत्त असेल तर शीर्षकातच 'केस रिपोर्ट' हे शब्द यावेत, अशी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'केअर' मार्गदर्शक सूत्रांची अपेक्षा आहे. याविषयी अधिक लिहीत नाही.

रुग्ण पाठविताना

आमच्या मते पहिल्या वाक्याची खरी कसोटी लागते ती संदर्भपत्रात. व्यापारी पत्र वाचले गेले नाही तर एक मागणी जाईल. येथे रुग्णाचा वेळ जातो. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांसमोर आपले पत्र येते. त्यात आधी प्रकृती, मग नाडी, मग अग्नी आणि कोष्ठ, आणि सातव्या ओळीत छातीतील वेदना, असा क्रम असेल, तर ती सातवी ओळ वेळेवर वाचली जाईलच असे नाही. आपल्या निदानपद्धतीचा हा क्रम आपल्या रुग्णपत्रकात सर्वस्वी योग्य आहे. दुसऱ्याच्या हाती रुग्ण सोपविताना मात्र प्रधान अर्थ आधी.

इंग्रजीत अशा पत्राचा आरंभ 'थँक यू फॉर सीइंग' या शब्दांनी करण्याचा प्रघात आहे, आणि त्याच वाक्यात वय, लिंग, मुख्य तक्रार व तिचा कालावधी येतो. उदाहरणार्थ : 'थँक यू फॉर सीइंग धिस ५८-इयर-ओल्ड मॅन विथ चेस्ट पेन ऑन एक्झर्शन फॉर फोर डेज. ही हॅज टाइप २ डायबेटिस. आय वुड बी ग्रेटफुल फॉर अर्जंट कार्डियाक असेसमेंट.' त्यानंतर आपण देत असलेल्या औषधांची यादी द्यावी. रसकल्प किंवा भस्म असेल तर त्यातील धातू, मात्रा आणि किती दिवस दिले हे स्पष्ट लिहावे. 'आयुर्वेदिक मेडिसिन्स' एवढ्यावर भागवू नये. चालू असलेली आधुनिक औषधेही नोंदवावीत. प्रकृती आणि इतर निरीक्षणे दुसऱ्या पानावर लिहावीत, आणि स्वाक्षरीखाली आपला भ्रमणध्वनी क्रमांक सुवाच्य अक्षरात द्यावा, म्हणजे काही विचारावयाचे झाल्यास तिकडच्या डॉक्टरांना रात्रीही थेट आपल्याशी बोलता येईल.