शेवटी वाचलेली सेटिंग जिंकते

समजा, जालन्याच्या मोसंबी बाजारातले भाव रोज सकाळी सहाला शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवणारं एक ॲप आहे. ते मुंबईतल्या क्लाउड सर्व्हरवर चालतं, पण भाव पोचतात साडेअकराला. सर्व्हर मुंबईत म्हणून घड्याळही भारतीय, हा पहिला गैरसमज. क्लाउडवरची यंत्रं बहुधा यूटीसीवर चालतात, आपल्या साडेपाच तास मागे. टाइमझोन सेटिंगमध्ये लिहिलेला असूनही हा घोळ होऊ शकतो, कारण शेड्युलर आधी उभा राहिला आणि ती ओळ नंतर वाचली गेली तर सहाचं काम यूटीसीच्या सहालाच लागतं.

‘सेटिंग लिहिली की लागू झाली’ हा समज म्हणूनच सोडायला हवा. एएसपी डॉट नेट कोअर आधी ॲपसेटिंग्जची फाइल वाचतं, मग ॲप ज्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये चालतं तिची फाइल, मग एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल आणि शेवटी कमांड लाइन. एकच की दोनदा आली तर नंतरची किंमत टिकते. ‘कमांड लाइनवर दिलेलं कधीच बदलत नाही’ असं अनेकजण यावरून धरून चालतात. पण आपण या सगळ्यानंतर गुपितं ठेवणारं की व्हॉल्ट जोडलं, तर व्हॉल्टमधली किंमत कमांड लाइनलाही मागे सारते. शिवाय व्हॉल्टचा पत्ता व्हॉल्टमध्येच ठेवून चालत नाही. तो आधीच्या फाइलीतून किंवा व्हेरिएबलमधूनच यावा लागतो.

जावाचं स्प्रिंग वापरणाऱ्यांमध्ये बूटस्ट्रॅपची जुनी फाइल अजून एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात कॉपी होते. २०२० अखेरच्या स्प्रिंग क्लाउड २०२०.० पासून ती मुळात वाचलीच जात नाही; मुद्दाम चालू करावी लागते. नवी पद्धत कॉन्फिग इम्पोर्टची. तिथे ‘ऑप्शनल’ लिहिलं, तर कॉन्फिग सर्व्हर बंद असला तरी ॲप उठतं. डेटाबेसच्या पासवर्डसाठी ही सवलत देऊच नये. चुकीच्या सेटिंगवर चालण्यापेक्षा ॲप सुरूच न झालेलं बरं.

ॲप सुरू झाल्यावर केलेला बदलही आपोआप लागू होतोच असं नाही. कुबरनेटीसमध्ये सेटिंग ठेवणारा कॉन्फिगमॅप बदलला तरी त्यातून घेतलेले व्हेरिएबल चालू पॉडमध्ये जुनेच राहतात. पॉड पुन्हा सुरू करावा लागतो.

कुठली किंमत कुठून आली ते अंदाजाने ठरवू नका. स्प्रिंगचा ॲक्ट्युएटर ते दाखवतो, आणि स्प्रिंग बूट ३ पासून किमती आपोआप झाकतो. डॉट नेटचं गेट-डीबग-व्ह्यू मात्र पासवर्डही उघडे छापतं. ते आपल्या मशीनवरच वापरा.